चित्रपट, संदेश आणि कार्यकर्त्याचे मत

(कोथरूड येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

महागाई आहे, बेकारी आहे, कामगारांनी लढून मिळवलेले कायदे एकेक करून सैल केले जात आहेत. अशा वेळी अभ्यासवर्गाचे एक सत्र चित्रपटांना द्यावे, हे काही जणांना चैनीचे वाटले असेल. ही शंका प्रामाणिक आहे आणि तिचे उत्तर प्रारंभीच दिले पाहिजे. कार्यकर्ता ज्या वस्तीत काम करतो, त्या वस्तीतील माणूस वर्षाकाठी पक्षाच्या किती सभांना येतो आणि किती चित्रपट पाहतो, याचा नुसता अंदाज बांधला तरी पुरे आहे. माणसाने कसे जगावे, कोणाला भ्यावे, कोणाला हसावे, कोणाचा द्वेष करावा, याचे शिक्षण आज सर्वांत अधिक पडद्यावरून मिळते. मग तो पडदा चित्रपटगृहातला असो की हातातल्या मोबाइलचा. त्या शिक्षणाविषयी ज्याला स्वतःचे मत नाही, तो लोकांशी बोलणार तरी कशाच्या आधारावर?

या विषयाला कोथरूडइतकी योग्य जागा दुसरी नसेल. एकेकाळी पुण्याबाहेरचे खेडे असलेल्या या गावाच्या शेजारी, कायदे महाविद्यालयाच्या रस्त्यावर, प्रभात फिल्म कंपनीचा स्टुडिओ उभा राहिला. १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेली प्रभात १९३३ साली पुण्यात आली आणि ‘संत तुकाराम’, ‘कुंकू’, ‘माणूस’, ‘शेजारी’ हे चित्रपट याच परिसरात निर्माण झाले. त्याच जागेवर १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट आली; १९६४ साली पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि त्याचे एक संकुल आज प्रत्यक्ष कोथरूडमध्ये आहे. पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचे खेळ अनेक वर्षे येथल्या चित्रपटगृहात झाले. जगातला उत्तम चित्रपट पायी जाऊन पाहता यावा, अशी सोय भारतातल्या फार थोड्या उपनगरांच्या वाट्याला आली असेल.

आणि तरीही, पुरोगामी म्हणवणाऱ्या वर्तुळात चित्रपटाविषयीचे बोलणे दोन-तीन वाक्यांत आटोपते. ‘संदेश चांगला आहे’, ‘संदेश घातक आहे’, किंवा ‘पाहिला नाही, पण वाचले आहे’. यातल्या तिसऱ्या वाक्यातला आळस उघड आहे. परंतु पहिल्या दोन वाक्यांतही एक आळस दडलेला आहे आणि आजच्या व्याख्यानाचा रोख त्याच्याकडे आहे. चित्रपट म्हणजे एखादा ठराव असावा, त्याच्या बाजूने किंवा विरुद्ध हात वर केला की काम संपले, अशी ही वृत्ती आहे. ठरावाला हात वर करताना तो कसा लिहिला आहे हे कोणी पाहत नाही. चित्रपटात मात्र कसे सांगितले यातच काय सांगितले ते असते.

येथे जी मते मांडली जाणार आहेत ती चित्रपटांवर प्रेम करणाऱ्या एका प्रेक्षकाची मते आहेत, पक्षाची नव्हेत. ती कोणाला पटली नाहीत तर उत्तमच. न पटण्यापासूनच खऱ्या चर्चेला सुरुवात होते. उदाहरणादाखल गेल्या एक-दोन वर्षांत चित्रपटगृहांत येऊन गेलेले चार चित्रपट घेतले आहेत.

पहिला चित्रपट ‘फुले’. अनंत महादेवन यांनी दिग्दर्शित केलेला हा हिंदी चित्रपट ११ एप्रिल २०२५ रोजी, जोतीरावांच्या जयंतीला, प्रदर्शित व्हायचा होता. काही ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतले, परिनिरीक्षण मंडळाने जातींचे उल्लेख आणि काही संवाद बदलायला लावले, आणि अखेर तो २५ एप्रिलला पडद्यावर आला. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ साली ज्या पुण्यात मुलींची शाळा काढली, त्या पुण्याच्या प्रेक्षकाने पावणेदोनशे वर्षांनंतरही फुल्यांच्या तोंडी कोणते शब्द असावेत हे मंडळाला विचारावे, ही घटना संतापजनक आहे. या प्रश्नावर समाजवादी कार्यकर्त्याची भूमिका एकच असू शकते. जातिव्यवस्थेविरुद्ध लढलेल्या माणसाचे चरित्र जातींची नावे न घेता सांगा, असे म्हणणे म्हणजे रोगाचे नाव न घेता वैद्याचे चरित्र सांगा असे म्हणण्यासारखे आहे.

परंतु चित्रपट दाखवण्याच्या हक्कासाठी उभे राहणे ही एक गोष्ट आणि तो चित्रपट चांगला आहे असे म्हणणे ही दुसरी. त्या दिवसांत या दोन गोष्टींची गल्लत झाली. चित्रपटावर हल्ला होतो आहे, तेव्हा त्याची स्तुती केलीच पाहिजे, अशी एक अबोल शिस्त निर्माण झाली. प्रतीक गांधी आणि पत्रलेखा यांनी मनापासून काम केले आहे आणि कर्तव्य म्हणून पाहणाऱ्याला चित्रपटातून बरीच माहिती मिळते, यात शंका नाही. पण येथे जोतीराव बोलतात ते बहुधा पुढच्या पिढ्यांना उद्देशून. घरात, रस्त्यावर, विरोधकांसमोर त्यांचे प्रत्येक वाक्य सुविचारासारखे येते. शेणाचे गोळे अंगावर झेलून शाळेत जाणाऱ्या सावित्रीबाई दिसतात, पण शाळेत पोचल्यावर त्या पहिल्या दिवशी पाटीवर काय लिहितात, एखादी मुलगी चुकली तर काय करतात, घरी परतल्यावर लुगडे धुताना कोणता विचार करतात, यासाठी चित्रपटाला सवड नाही. महापुरुषांचा आदर करण्याच्या भरात त्यांच्यातला माणूस हरवतो. ज्या जोतीरावांनी पुरोहितांनी उभारलेल्या मूर्तींवर आघात केला, त्यांचीच मूर्ती घडवली जावी, हा दोष एका दिग्दर्शकाचा नव्हे. तो आपल्या साऱ्या पुरोगामी परंपरेचा आहे. १९५४ साली आचार्य अत्र्यांनी ‘महात्मा फुले’ हा चित्रपट काढला. त्यानंतर सत्तर वर्षे लोटली, आणि अजूनही जोतीरावांशी साध्या माणसासारखे बोलता येईल असा चित्रपट यायचा आहे, एवढे म्हणण्याचा हक्क जोतीरावांच्या अनुयायांनाच सर्वांत अधिक आहे.

याच्या उलट टोकाला दुसरा चित्रपट उभा आहे. जयंत दिगंबर सोमलकर यांचा ‘स्थळ’ २०२३ साली टोरांटोच्या महोत्सवात गौरवला गेला आणि ७ मार्च २०२५ रोजी महाराष्ट्रात प्रदर्शित झाला. यात महापुरुष नाहीत, भाषण नाही. विदर्भातल्या डोंगरगाव नावाच्या खेड्यातली सविता समाजशास्त्र शिकते आहे, तिला स्पर्धापरीक्षा द्यायची आहे, आणि तिला पाहायला स्थळे येत आहेत. नंदिनी चिकटे या मुलीने सविताचे काम केले आहे. बहुतेक पात्रे गावातल्याच माणसांनी रंगवली आहेत, त्यामुळे अभिनय पाहतो आहोत असे वाटतच नाही.

चित्रपटाच्या आरंभी एक उलटा प्रसंग आहे. बायका ऐटीत बसल्या आहेत, पुरुष ट्रे घेऊन येतो आहे, आणि बायका त्याला प्रश्न विचारीत आहेत. प्रेक्षागृहात हशा पिकतो. ते स्वप्न असते. त्यानंतर तोच प्रसंग सुलट होऊन येतो, आणि पुन्हा येतो, आणि पुन्हा. पुरुषांचा घोळका येऊन बसतो. सविताला समोर बसवले जाते. नाव काय, शिक्षण किती, उंची किती, शेतातले काम येते का. तेच प्रश्न, त्याच क्रमाने. पहिल्या खेपेला हसणारा प्रेक्षक तिसऱ्या खेपेला गप्प होतो आणि त्याच्याही पुढे त्याला खुर्चीत अवघडल्यासारखे होते. काही जणांची तक्रार आहे की हा चित्रपट तेच तेच दाखवून कंटाळा आणतो. ती तक्रार म्हणजे चित्रपटाला मिळालेली पावतीच आहे. जो प्रसंग दहा मिनिटांत प्रेक्षकाला असह्य होतो, तो एखादी मुलगी वर्षानुवर्षे सोसते, हे कोणत्याही व्याख्यानापेक्षा त्या कंटाळ्याने अधिक कळते.

आणि यात कोणी खलनायक नाही, हे कार्यकर्त्याने नीट पाहण्याजोगे आहे. सविताचा बाप दुष्ट नाही. कापसाला भाव नाही आणि मुलीच्या लग्नाचा खर्च समोर उभा आहे, अशा कोंडीत तो सापडलेला शेतकरी आहे. शेतमालाच्या भावाचा प्रश्न एका मोर्चाचा आणि हुंड्याचा प्रश्न दुसऱ्या मोर्चाचा, अशी वाटणी चळवळीने सोयीसाठी केली. ‘स्थळ’मध्ये ते दोन्ही प्रश्न एकाच घराच्या एकाच खोलीत बसलेले दिसतात. कोथरूडला येताना महर्षी कर्व्यांचा पुतळा लागतो. त्यांनी शेजारच्या हिंगण्याच्या माळावर विधवांसाठी आश्रम चालवला आणि १९१६ साली महिला विद्यापीठ काढले. स्त्री शिकली की स्वतंत्र होईल, ही त्या पिढीची श्रद्धा होती. सविता शिकली आहे. वर्गात स्त्रियांच्या सबलीकरणाचा धडा तिने ऐकला आहे. आणि घरी आल्यावर तिला साडी नेसून बसायचे आहे. सुधारकांचे अर्धे राहिलेले काम कुठे अडले आहे, याचा पत्ता या चित्रपटात अचूक सापडतो. चित्रपटाचा शेवट येथे सांगणे योग्य नव्हे. तो प्रेक्षकाकडे रोखून पाहणारा आहे, एवढे म्हटले तरी पुरे.

तिसरा चित्रपट पायल कपाडिया यांचा, ‘ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट’. २०२४ साली कान महोत्सवात त्याला ग्रां प्री हा सन्मान मिळाला. तीस वर्षांनी एक भारतीय चित्रपट तेथल्या मुख्य स्पर्धेत पोचला होता. कपाडिया येथल्याच फिल्म इन्स्टिट्यूटच्या विद्यार्थिनी. २०१५ साली अध्यक्षांच्या नेमणुकीविरुद्ध तेथल्या विद्यार्थ्यांनी १३९ दिवस संप केला, त्या संपात त्याही होत्या. त्या वेळी ‘ही मुले शिकायची सोडून संप कसले करतात’ असे विचारणारे पुष्कळ होते. त्या मुलांपैकी एकीने संपाच्या काळात काय शिकले याचे उत्तर हा चित्रपट आहे, असे म्हणायला हरकत नाही.

मुंबईच्या एका इस्पितळात काम करणाऱ्या तीन स्त्रियांची ही कथा आहे. प्रभा आणि अनू या केरळातून आलेल्या परिचारिका. आणि पार्वती ही त्याच इस्पितळाच्या स्वयंपाकघरात काम करणारी, रत्नागिरीकडची बाई. छाया कदम यांनी रंगवलेली ही पार्वती मराठी प्रेक्षकाला आपल्या शेजारणीसारखी ओळखीची वाटेल. ती गिरणगावातल्या चाळीत राहते. बिल्डरला ती जागा हवी आहे. नवरा वारला आहे, आणि त्या खोलीवरचा आपला हक्क दाखवणारा एकही कागद पार्वतीजवळ नाही. इतकी वर्षे जेथे संसार केला तेथे ती राहत होती याला पुरावा नाही.

१९८२ साली डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप केला. त्या संपावर पुस्तके झाली, ‘लालबाग परळ’सारखा चित्रपट २०१० साली आला. त्यांत गिरणी कामगार म्हणजे पुरुष. संप फसल्यावर ज्या बायकांनी खानावळी चालवल्या, धुणीभांडी केली, इस्पितळांत आणि घराघरांत राबून संसार तगवले, त्यांच्या नावावर ना खोली, ना भाडेपावती. पार्वती त्या बायकांची प्रतिनिधी आहे. आणि कपाडियांनी हे कोठेही बोलून दाखवलेले नाही. एका रात्री प्रभा आणि पार्वती बिल्डरच्या मोठ्या जाहिरातफलकावर दगड मारतात आणि हसत सुटतात. त्या दगडाने काहीही बदलत नाही. दुसऱ्या दिवशी फलक तेथेच असणार, आणि पार्वतीला गाव गाठावे लागते. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त (२०१३) जब्याने भिरकावलेला दगड प्रेक्षकाच्या कपाळावर बसला होता. पार्वतीचा दगड तसा नाही. तो हरलेल्या माणसाने स्वतःची मान ताठ ठेवण्यासाठी मारलेला दगड आहे. दोन्ही दगड चळवळीने जपून ठेवावेत.

या चित्रपटाविषयी एक मतभेद प्रामाणिकपणे नोंदवला पाहिजे. उत्तरार्धात तिघी कोकणच्या समुद्रकाठी जातात आणि चित्रपट स्वप्नासारखा होत जातो. शहरातला घराचा लढा तेथे सुटून जातो, बिल्डर विसरला जातो, अशी टीका काही साथी करतील, आणि ती अगदीच निराधार नाही. पार्वती गावी परतली म्हणजे प्रश्न सुटला, असे मुंबईने कोकणाला शंभर वर्षे सांगितले आहे. परंतु कपाडिया तसे सांगत नाहीत, असे या प्रेक्षकाचे मत आहे. त्या गावच्या घरात वीजही नाही. तेथे न्याय मिळत नाही. तीन बायकांना एकमेकींची सोबत मिळते, एवढेच. लढा हरल्यानंतर माणसे एकमेकांना धरून कशी राहतात, हेही चळवळीच्या इतिहासाचे एक प्रकरण आहे, आणि ते क्वचितच लिहिले जाते.

चौथा चित्रपट कदाचित सर्वांत अवघड. त्यातली कथा गुंतागुंतीची नाही. तो पाहणाऱ्याचीच परीक्षा घेतो. रोहन परशुराम कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापटांच्या विभागातल्या सर्वोच्च पारितोषिकाचा मानकरी ठरला आणि सप्टेंबरात आपल्याकडे प्रदर्शित झाला. मुंबईत नोकरी करणारा आनंद वडिलांच्या मृत्यूनंतर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो. तेथे बालपणीचा मित्र बाळ्या भेटतो. बाळ्या शेती करतो. दोघांवरही लग्नासाठी घरच्यांचा दबाव आहे. आणि दोघांचे एकमेकांवर प्रेम आहे.

येथे सभागृहात थोडी चुळबुळ झाली तर आश्चर्य नाही. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी दोन प्रौढांच्या संमतीचा समलिंगी संबंध हा गुन्हा नाही असा निर्णय दिला, तेव्हा पुरोगामी वर्तुळांनी त्याचे स्वागत केले. ते स्वागत मनापासून होते का, की ‘हा श्रीमंतांचा, इंग्रजी शिकलेल्यांचा प्रश्न, आपल्या लोकांचा नव्हे’ असे मनातल्या मनात म्हणून केलेले होते, हे ज्याचे त्याने पाहावे. ‘साबर बोंडं’ने त्या समजुतीखालची चटई काढून घेतली आहे. त्यातली माणसे शेतकरी आहेत, शहरात लहान खोलीत राहणारी आहेत. सुतकाचे सारे नियम पाळणारी आहेत. आणि त्या घरातली आई, जिने यावरचे एकही पुस्तक वाचलेले नाही, मुलाला ओळखते, नातेवाइकांच्या प्रश्नांपासून त्याला आडोसा देते. जयश्री जगताप यांनी ही आई इतक्या कमी शब्दांत उभी केली आहे की तिच्या गप्प राहण्याचा अर्थ हळूहळू कळत जातो. चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. कुठे रडावे हे वाद्ये सांगत नाहीत. शेरडांचा, वाऱ्याचा, भांड्यांचा आवाज ऐकत बसावे लागते.

‘यातून संदेश काय मिळतो?’ हा प्रश्न या चित्रपटाला विचारून पाहावा. उत्तर एका वाक्यात मिळते आणि ते वाक्य सर्वांना आधीच ठाऊक असते. मग दोन तासांत जे घडले, ते काय होते? सुतक पाळणारा एक मुलगा आणि त्याचा मित्र शेतात बसले आहेत, काटे काढलेले बोंड एकाने दुसऱ्याला दिले, आणि प्रेक्षकाच्या मनातला एक जुना संकोच नकळत ढिला झाला. ठरावाने ते होत नाही. चित्रपटाचे राजकारण ते हेच.

हे काही नवे तत्त्वज्ञान नव्हे. समाजवादी चळवळीजवळ ते फार पूर्वीपासून होते. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’वर अत्र्यांनी १९५३ साली काढलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. गुरुजींची शिकवण त्यात आहेच. पण आजही लक्षात राहते ती पाय मळू नयेत म्हणून हट्ट धरणाऱ्या मुलासाठी ओले लुगडे अंथरणारी आई. निळू फुले सेवादलाच्या कलापथकात घडले. ‘सामना’ (१९७५) आणि ‘सिंहासन’ (१९७९) या जब्बार पटेलांच्या चित्रपटांना विजय तेंडुलकरांची लेखणी लाभली होती. ‘सामना’तला साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील निळूभाऊंनी असा उभा केला की त्याचा राग यावा, आणि त्याच वेळी त्याच्याबरोबर बसून गप्पा माराव्यात असेही वाटावे. सत्ता लोकांना जिंकून घेते ती अशी. ‘सिंहासन’मधला कामगार पुढारी डिकास्टा तर थेट आपल्याच अंगणातला. कामगारांच्या संपाचे सत्तेच्या बाजारात काय मोल येते, हे त्या चित्रपटाने दाखवले. जी चळवळ अशा आरशात पाहू शकते तिला बाहेरच्या टीकेची भीती नसते.

विरोधकाला माणूस म्हणून पाहण्याचा असाच पाठ चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ने (२०१४) दिला. लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावर खटला चालतो. ही भूमिका करणारे वीरा साथीदार हे स्वतः चळवळीतले कार्यकर्ते. २०२१ साली त्यांचे निधन झाले. शाहिरावर आरोप ठेवणारी सरकारी वकील न्यायालयात यंत्रासारखी कलमे वाचते. मग चित्रपट तिच्या मागोमाग जातो. ती लोकलने घरी येते, मुलाला घेते, स्वयंपाक करते, सुटीच्या दिवशी कुटुंबासह नाटकाला जाते. आणि त्या नाटकात परप्रांतीयांची टिंगल चाललेली असते. तिच्याविषयी राग धरून ठेवावा की करुणा, हे प्रेक्षकाला ठरवता येत नाही. अन्याय करणारी यंत्रणा अशा हजारो सभ्य, थकलेल्या, कुटुंबवत्सल माणसांवर चालते, हे ज्याला समजले त्याचे राजकारण अधिक शहाणे होते.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो सर्वांत अडचणीचा आहे. हे सगळे चित्रपट पाहतो कोण? कोथरूडच्या सोसायट्यांत सकाळी सहापासून ज्या बायका धुण्याभांड्याला जातात, त्या केळेवाडीतून, सुतारदऱ्यातून, किष्किंधानगरातून येतात. १९८० साली पुण्याच्या मोलकरणींनी संप केला तेव्हा पांढरपेशा पुण्याला त्यांचे अस्तित्व प्रथमच जाणवले. पार्वती त्यांचीच बहीण आहे, सविता त्यांचीच भाची. पण तिकिटाचा दर, खेळाची वेळ आणि त्या चकचकीत दारातून आत शिरण्याचा संकोच यांमुळे त्यांच्या आयुष्यावरचा चित्रपट त्यांच्यापर्यंत पोचत नाही. तो पोचतो त्यांच्या मालकिणींपर्यंत. त्या डोळे पुसून घरी येतात आणि दुसऱ्या दिवशी खाड्याचे पैसे कापतात. असे चित्रपट आठवडाभरात पडद्यावरून उतरतात, याबद्दल चित्रपटगृहांच्या मालकांना दोष देणे सोपे आहे. पण चळवळीतली किती माणसे पहिल्या तीन दिवसांत तिकीट काढून गेली होती, हेही विचारायला हवे.

सत्यजित राय आणि त्यांच्या मित्रांनी १९४७ साली कलकत्त्यात फिल्म सोसायटी काढली. १९६८ साली मुंबईत प्रभात चित्र मंडळ सुरू झाले. या मंडळांनी प्रेक्षक घडवला, पण तो बहुधा पांढरपेशा राहिला. तीच रीत वस्तीत नेण्याचे काम उरले आहे, आणि ते कार्यकर्त्यांचे आहे. त्याला फार पैसे लागत नाहीत. समाजमंदिराची खोली, एक पडदा, एक प्रोजेक्टर, निर्मात्याची रीतसर परवानगी, आणि रविवारची दुपार. तिकीट नसावे. चित्रपटाआधी भाषण नसावे. चित्रपट संपल्यावर पहिल्यांदा बायकांनी आणि मुलांनी बोलावे, कार्यकर्त्याने शेवटी. आणि ‘यातून आपण काय शिकलो’ असे तर त्याने मुळीच विचारू नये. ‘कोणता प्रसंग लक्षात राहिला?’ एवढेच विचारावे. मिळणारी उत्तरे कार्यकर्त्याने लिहून ठेवावीत. त्याला जे ठाऊक नव्हते ते त्यांत असेल.

१९५२ साली भारतातला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला, तेव्हा डी सिका यांचा ‘बायसिकल थीव्हज’ येथल्या प्रेक्षकांनी पाहिला. चोरीला गेलेल्या सायकलीवाचून ज्याची नोकरी जाणार आहे असा एक कामगार त्यात मदतीसाठी एका तळघरात शिरतो. तेथे एका बाजूला कामगारांची सभा भरली आहे, दुसऱ्या बाजूला करमणुकीच्या कार्यक्रमाची तालीम चालू आहे. सभेत रोजगाराच्या प्रश्नावर गंभीर भाषण सुरू आहे, आणि ज्याचा रोजगार आजच बुडाला आहे त्याला गप्प राहायला सांगितले जाते. डी सिका कामगारांच्या विरुद्ध नव्हते. त्यांना फक्त तो एक माणूस दिसत होता, जो सभेला दिसत नव्हता.

साथींनो, चांगला चित्रपट कार्यकर्त्याला एवढीच मदत करतो. सभेतून तो माणूस दिसू लागला, तर रविवारची एक दुपार वाया गेली असे कोणी म्हणणार नाही.